चार डबे फिल्म आणि एक आढं

सोळा मिलिमीटर फिल्मचा एक डबा म्हणजे शंभर फूट. मूकपटाच्या सावकाश वेगानं चालवली तर जेमतेम चार मिनिटं. आमच्याकडे असे चार डबे होते, म्हणजे सोळा मिनिटं. कॅमेरा घड्याळासारखा किल्लीवर चालायचा. किल्ली पूर्ण भरली की अर्धं मिनिट घरघरणार आणि थांबणार, मग पुन्हा किल्ली. आवाजाची सोय नव्हती. चित्र कसं आलं हे जागेवर कळायचं नाही. फिल्म मुंबईला धुवायला जायची आणि दोन-तीन आठवड्यांनी पोस्टानं परत यायची. तोवर, आपल्याला जे दिसलं ते फिल्मलाही दिसलं असेल, असं धरून चालायचं.

या कामातलं यंत्राचं शिक्षण एवढंच. उरलेलं सगळं माणसांचं.

नंदुरबारला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात मी तेव्हा शिकवत होते. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं आणि वरून रोज नवं पत्र यायचं. त्यातल्या एका पत्रात म्हटलं होतं की विद्यार्थ्यांनी 'सहकार' या विषयावर दहा मिनिटांची फिल्म तयार करावी. कॅमेरा धुळ्याहून पंधरा दिवसांसाठी मिळेल. प्राचार्यांनी पत्र वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पुण्याच्या एका शिबिरात कॅमेरा हाताळून आले होते, हे एक कारण. दुसरं कारण, मी याद्या करते. सहलीला किती भाकरी, परीक्षेला किती शाईच्या दौती, गॅदरिंगला किती सतरंज्या, हे कॉलेजात कुणाला माहीत नसलं तरी माझ्या वहीत असायचं.

चार विद्यार्थी निवडले. निवडले म्हणजे ज्यांनी हात वर केला ते घेतले. ही पहिली चूक.

रनाळ्याचा वसंत पाटील गावच्या नाटकात राजाचं काम करायचा आणि कॉलेजातही राजासारखाच वावरायचा. मगन तापीकाठच्या गुजर घरातला. घरी केळीच्या बागा, आणि काकांची जीप. ती जीप आम्हाला लागणार होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सुमन नंदुरबार गावातलीच, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव मात्र सुईसारखा. आणि चौथा दिवाल्या पावरा, मोलगीच्याही वरच्या एका पाड्यावरचा. त्यानं हात वर केला नव्हता. डोंगरात जायचं झालं तर भाषा कळणारं कुणीतरी हवं, म्हणून मीच त्याचं नाव लिहिलं होतं.

पहिल्याच बैठकीत भांडण झालं.

"डायरेक्टर मी व्हसू," वसंत म्हणाला. "गावना नाटकमा तीन साल मीच राजा व्हतू."

"जीप आमच्या काकांची आहे," मगन म्हणाला.

"जीपले डायवर लागस रे भाऊ, डायरेक्टर नही."

"कथा मी लिहिली आहे," सुमन म्हणाली. "डायरेक्टर कुणीही व्हा. त्यातला एक शब्दही बदलायचा नाही."

"सुमन, फिल्म मुकी आहे," मी म्हणाले.

"तरी बदलायचा नाही, बाई."

शेवटी दिग्दर्शन माझ्याकडेच राहिलं, कारण माझ्याबद्दल चौघांची तक्रार सारखीच होती.

सुमनची कथा अशी: एक सुशिक्षित तरुण गुरुजी डोंगरातल्या मागासलेल्या गावात जातो, लोकांना सहकाराचं महत्त्व पटवून देतो, आणि मग सगळे मिळून एका गरिबाचं घर बांधतात. गुरुजी अर्थातच वसंत. कथा वाचून झाल्यावर मी दिवाल्याला विचारलं, "तुझ्या भागात हे जमेल का?"

तो शाळेतलं मराठी फार जपून बोलायचा, नवी चप्पल घालून चालल्यासारखं. म्हणाला, "घर बांधतील. पण गुरुजी कशाला?"

"सहकार शिकवायला."

"ते आमच्याकडे कोणी शिकवत नाही."

"म्हणूनच तर," सुमन म्हणाली.

"तसं नाही," दिवाल्या म्हणाला. "आहेच, म्हणून शिकवत नाहीत. आम्ही त्याला लाह म्हणतो."

मग त्यानं लाह समजावून सांगितली. एखाद्याचं मोठं काम निघालं, घर बांधायचं किंवा पीक कापायचं, की तो आसपासच्या पाड्यांना निरोप देतो. ठरल्या दिवशी घराघरातून माणूस येतो. मजुरी नसते. ज्याचं काम तो जेवू घालतो. उद्या दुसऱ्याची लाह निघाली की हा तिकडे जातो. "माझ्या बापाच्या घराची लाह याच महिन्यात आहे," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "एकच दिवस असते. जुनं घर आधी उतरवावं लागतं, त्यातलं लाकूड नव्याला लागतं. त्या दिवशी छप्पर झालं नाही तर मग होत नाही. दुसऱ्या दिवशी लोक दुसऱ्या पाड्यावर जातात. मग होळी. मग माणसं कामाला खाली उतरतात. एका घराला लाह वर्षात दोनदा मागत नाहीत."

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. कसं लिहिलं, तेही सांगते: 'घर त्याच दिवशी सायंकाळपर्यंत पूर्ण. शेवटचा शॉट, तयार घर, उजेड असताना घ्यावा.' घरात राहणाऱ्या सात माणसांबद्दल वहीत काही नाही.

इथं एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. फिल्म पडद्यावर दिसते त्या क्रमानं घेत नाहीत. कॅमेरा एका जागी रोवला की तिथून दिसणारं सगळं उरकायचं, मग जागा बदलायची. क्रम पुढे कात्रीनं लावायचा. म्हणून यादी लागते. माझी यादी बत्तीस शॉटची होती. त्यात वसंतचं बोट दाखवणं सहा वेळा होतं.

मोलगीपर्यंत जीप गेली. तिथून पुढे दीड तास चढ. कॅमेरा मी कुणाच्याही हातात दिला नाही. पाड्यावर पोचलो तेव्हा जुन्या घराच्या जागी नुसती सपाट जमीन होती. दिवाल्याचा बाप वेस्ताबाबा, आई, भावंडं आणि शेळ्या मोहाच्या झाडाखाली आठ दिवस राहत होती. बाजूला सागाचे खांब, बांबू आणि गवताच्या पेंढ्यांचा डोंगर. वेस्ताबाबा उंच आणि वाळकुडा माणूस. त्यानं आम्हाला पाहिलं, मान हलवली आणि परत बांबू चिरायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि एकदाही नीट सांगता आलेलं नाही. समोरच्या डोंगराच्या धारेवर आधी एक ठिपका दिसला, मग ठिपक्यांची रांग. डावीकडच्या टेकडीवरून दुसरी रांग, नाल्यातून तिसरी. कुणाच्या खांद्यावर कुऱ्हाड, कुणाच्या डोक्यावर गवत, कुणाच्या कमरेला सालीचा दोर. सत्तर तरी असतील. आली, पाणी प्यायली आणि कामाला लागली. कुणी हजेरी घेतली नाही, कुणी कामं वाटली नाहीत. खड्ड्यापाशी चार माणसं लागतात तिथं चारच उभी राहिली, पाचवा आपोआप बांबूकडे वळला. आमच्या कॉलेजात बाक हलवायचा म्हटलं तरी मला तीन सूचना द्याव्या लागत.

मी थक्क झाले होते. पण हातात यादी होती, म्हणून मी काम सुरू केलं.

खांब उभे राहिले. त्यांच्या माथ्यावरच्या दुफाटी बेळक्यांवर आढं चढवायचं होतं. आढं म्हणजे छपराचा कणा, अख्खं सागाचं लाकूड, वीस माणसांनी उचलायचं. तेच आमच्या फिल्मचं मुख्य दृश्य. वेस्ताबाबानं तांदळाचे दाणे टाकले, सगळ्यांनी एक हाळी दिली आणि आढं वर गेलं. कॅमेरा अर्ध्यातच थांबला. किल्ली भरायचं काम मगनचं, आणि मगन त्या वेळी वसंतला सांगत होता की तुझी टोपी मध्ये येते.

"दिवाल्या," मी म्हणाले, "त्यांना म्हणावं, एकदा उतरवा आणि पुन्हा चढवा."

दिवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ पाहिलं. मग जाऊन सांगितलं. वीस माणसांनी आढं उतरवलं आणि पुन्हा चढवलं. या वेळी वसंत बरोबर मध्ये उभा, बोट आकाशाकडे.

"गुरुजी डावीकडे असतो!" सुमन ओरडली. "कागदावर डावीकडे आहे!"

तिसऱ्यांदा आढं उतरलं, तिसऱ्यांदा चढलं. मग मी गाठी सोडायला लावून सावकाश बांधायला लावल्या, हात जवळून घ्यायचे होते म्हणून. चिरलेले बांबू पुन्हा चिरल्यासारखे करायला लावले. कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी कपाळाला आठी घातली नाही. 'शिस्तप्रिय लोक,' असं मी वहीच्या समासात लिहिलं आहे. आजही ती वही उघडली की ते पान मी पटकन उलटते.

वसंतचं बोट दाखवणं चाललंच होतं. एकदा तो हात लांब करून ताठ उभा असताना भुरीबाई नावाची म्हातारी डोक्यावर पेंढी घेऊन त्याच्यासमोर थांबली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून काहीतरी म्हणाली, आणि बायका हसून वाकल्या.

"काय म्हणनी ती?" वसंतनं विचारलं.

"काही नाही," दिवाल्या म्हणाला.

"सांग ना भो, मी राग नही मानाव."

"ती विचारते, हा खांब पुरायचा राहिलाय, याचा खड्डा कुठे आहे?"

मगन खाली बसून हसला. वसंतनं हात खाली घेतला.

दुपारची भाकरी आणि उडदाची डाळ झाली. यादीत अठरा खुणा झाल्या होत्या, तीन डबे संपले होते, मी खुशीत होते. तेव्हा दिवाल्या माझ्याजवळ आला.

"बाई, सावली बघा."

खांबांची सावली पार उतारापर्यंत गेली होती. मी छपराकडे पाहिलं. एका बाजूला बांबूंची चौकट झाली होती, दुसरी बाजू उघडी. गवताची तर एकही पेंढी चढलेली नव्हती.

"एरवी या वेळेला किती होतं?"

"एक बाजू शाकारून झालेली असते."

"मग कुणी बोललं का नाही?"

"लाहेत सांगितलेलं काम कोणी नाकारत नाही. का करायचं, असंही विचारत नाही." मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "त्यांना वाटलं, शहरात घर असंच बांधतात. आढं तीनदा चढवून."

"आणि तू? तुला तर कळत होतं."

"मीही लाहेतच होतो, बाई."

मी मोहाच्या झाडाकडे पाहिलं. दिवाल्याची आई तिथली भांडीकुंडी गोळा करत होती, रात्री नव्या घरात न्यायची म्हणून. मी मनात हिशेब मांडला. साडेतीन तास उजेड, दोन्ही बाजू शाकारायच्या, आणि वाया गेलेली सगळी सकाळ माझ्यामुळे. हे घर आज झालं नाही तर सात माणसं पावसाळ्यापर्यंत, कदाचित पावसाळ्यातही, झाडाखाली. आणि कुणी मला त्याबद्दल बोल लावणार नाही. ते जास्त कठीण होतं.

कॅमेरा मी पेटीत ठेवून पट्टा आवळला.

"बाई, मन्हा शेवटना सीन?" वसंत म्हणाला.

"आधी पेंढी उचल."

त्यानं पेटीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, टोपी काढून खिशात कोंबली आणि गेला. मगन तर सदरा काढून छपरावरच चढला. केळीचे घड बांधणाऱ्या घरातला पोरगा, त्याच्या गाठी पाहून वरच्या माणसांनी त्याला जागा करून दिली. सुमन आणि मी पेंढ्यांच्या रांगेत उभ्या राहिलो. माझ्या पुढे भुरीबाई.

अशा रांगेत मी आधी कधी उभी राहिले नव्हते. पेंढी येते, घ्यायची, वळायचं, द्यायची. तळवे चिरतात. तासाभरानं माझे हात जड झाले. मी काही बोलले नाही, थांबले नाही. पण भुरीबाई अर्धं पाऊल माझ्याकडे सरकली. मागची बाईही सरकली. माझ्या वाट्याचं अंतर कमी झालं आणि ते रांगेत दूरवर कुठंतरी वाटलं गेलं. कुणी कुणाला खूण केली नाही. भुरीबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं माणसांकडून कामं करून घेण्यात गेली माझी, पण असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

सूर्य धारेला टेकला तेव्हा आढ्यावरची शेवटची पेंढी बांधून झाली. वरून मगननं हाळी दिली, ती कुणाच्या भाषेत होती कुणास ठाऊक. वेस्ताबाबा आत गेला, मधल्या खांबाला हात लावून उभा राहिला आणि बाहेर आला. दिवाल्याच्या आईनं चुलीचे दगड आत नेले.

मला वाटलं, आता माणसं निघतील. लांबचे पाडे, वाट अवघड. पण कुणी निघालं नाही. सगळी अंगणात उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून. वेस्ताबाबा काहीतरी बोलला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, तुम्ही आमच्या कामाला हात लावला. तुमचं काम मागं राहिलं." दिवाल्याचा आवाज जरा बदलला होता. "आता तुमची लाह. काय करायचं ते सांगा."

सत्तर माणसं. दिवसभर मी ओरडून ओरडून ज्यांना हलवलं, ती आता स्वतःहून समोर उभी राहून विचारत होती. यादीत चौदा शॉट बाकी होते. एक डबा कोरा. प्रकाश मोजायच्या मीटरचा काटा जागचा हलायला तयार नव्हता. मी वही उघडली आणि मिटली.

"त्यांना म्हणावं, काही करू नका. घरासमोर बसा फक्त."

ती बसली. मी पदराखाली धरून डबा कॅमेऱ्यात भरला. आता कॅमेरा धरायचा कुणी, हा प्रश्न होता. इतके दिवस त्यावरूनच भांडण चाललं होतं. मी दिवाल्याला म्हणाले, तू घे.

"मी तिकडे बसू?" त्यानं विचारलं. आणि जाऊन बापाशेजारी बसला.

वसंत म्हणाला, "मगन, तू धर. तुन्हा हात पक्का शे." आणि तोही रांगेच्या टोकाला जाऊन बसला. सुमन त्याच्याआधीच गेली होती. ती बायकांमध्ये होती, डावीकडे की उजवीकडे हे तिनं पाहिलं नाही.

मगननं किल्ली भरली. कॅमेरा घरघरू लागला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावकाश फिरू लागला. कुणी हललं नाही. कुणी हसलं नाही, केस सारखे केले नाहीत. मागे धारेवर तांबूस उजेडाची पट्टी, पुढे माणसं, त्यांच्या डोक्यावर पिवळट नवं छप्पर. अर्धं मिनिट झालं, कॅमेरा थांबला. ती तशीच बसून राहिली. पुन्हा किल्ली. असं डबा संपेपर्यंत. मग ती उठली आणि आली तशी रांगांनी निघून गेली.

आढं तीनदा चढवायला लावल्याबद्दल मी वेस्ताबाबाला काही बोलले नाही. दिवाल्याकरवी बोलायला लाज वाटली, आणि दुसरी भाषा मला येत नव्हती.

फिल्म धुऊन आली ती तीन आठवड्यांनी. विज्ञानाच्या वर्गात खिडक्यांना घोंगड्या लावून, भर दुपारी, प्राचार्यांसमोर आम्ही ती पाहिली. पहिले तीन डबे स्वच्छ होते. उजेड उत्तम, आढं तीनदा वर गेलं, वसंतनं बोट दाखवलं. प्राचार्य 'छान, छान' म्हणत होते आणि आम्ही पाचही जण खाली मान घालून बसलो होतो. मग चौथा डबा लागला.

पडदा जवळजवळ काळाच. वर फिकट उजेडाची एक रेघ आणि तिच्याखाली बसलेल्या माणसांचे नुसते आकार. चेहरा एकही नाही.

"हा कापून टाका, बाई," प्राचार्य म्हणाले. "काही उमटलेलंच नाही."

त्यांचं बरोबर होतं. शिबिरात आम्हाला हेच शिकवलं होतं. मी उठले, तेवढ्यात अंधारात दिवाल्या बोलला.

"हा खात्र्या. पागोटं बघा, एका बाजूला. त्याच्याजवळ त्याचा भाऊ. ही माझी मावशी. हा नाल्याकडचा ठुमला, मान वाकडी करून बसतो. हा माझा बाप."

चित्र सरकत होतं आणि तो एकेक नाव घेत होता. मग सुमन म्हणाली, "थांब. ही भुरीबाई." मगन म्हणाला, "हा माझ्याबरोबर वर होता. खांदा बघा, हाच." वसंत खुर्चीच्या टोकावर आला होता. "तो दखा, तो! त्यानीच माले पेंढी कशी झेलानी ते दखाडं!" मलाही एक दिसली, माझ्या मागे उभी असलेली बाई. तिचं नाव मला माहीत नव्हतं. दिवाल्यानं सांगितलं.

डबा संपला. पांढरा पडदा फडफडत राहिला.

"अहो, पण दिसत तर काहीच नाही," प्राचार्य म्हणाले. "तुम्हाला ओळखू येतं कसं?"

"सर, आम्ही त्यासना शेजारले व्हतूत ना," वसंत म्हणाला.

प्राचार्यांनी आपली खुर्ची उचलली, पडद्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवली आणि दिवाल्याला शेजारी बोलावलं.

"पुन्हा लावा, बाई," ते म्हणाले. "आणि तू सांग. सावकाश सांग."